गरिबांची पत : फ्रीड्रिक विल्हेल्म रायफायझेन

थोर पुरुषांची चरित्रे वाचावयास घेतली म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे रणांगणे, राजदरबार किंवा शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळा उभ्या राहतात. ज्याने एकही लढाई जिंकली नाही, ज्याला विद्यापीठाची पायरी चढावयास मिळाली नाही, ज्याचे आयुष्य तीन लहान परगण्यांच्या कारभारात खर्ची पडले आणि ज्याची दृष्टी ऐन तारुण्यातच अधू झाली, अशा मनुष्याला थोर का म्हणावे, हा प्रश्न आमच्या विद्यार्थिमित्रांस पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर त्यांना स्वतःच्या घरीच सापडेल. ज्या पतसंस्थेत वडील दरमहा काही रक्कम भरतात, ज्या सोसायटीतून मामा किंवा काका बी-बियाण्यासाठी कर्ज काढतात, त्या संस्थांचा मूळ नमुना घडविणाऱ्यांमध्ये जर्मनीतील फ्रीड्रिक विल्हेल्म रायफायझेन यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांचे चरित्र, आणि त्याच्या ओघात त्यांनी घडविलेल्या संस्थेची रचना, आम्ही येथे थोडक्यात सांगणार आहोत.

रायफायझेन यांचा जन्म ३० मार्च १८१८ रोजी पश्चिम जर्मनीतील वेस्टरवाल्ड नावाच्या डोंगराळ प्रदेशात, सीग नदीकाठच्या हाम ह्या गावी झाला. हा भाग तेव्हा प्रशिया राज्यात मोडत असे. नऊ भावंडांत त्यांचा क्रमांक सातवा. वडिलांनी काही काळ गावच्या कारभाऱ्याचे पद सांभाळले होते. परंतु पुढे त्यांच्या हातून काम होईनासे झाले आणि घराला दारिद्र्याने घेरले. संसाराचा सारा भार आईवर पडला. ती मोठी धर्मशील व खंबीर स्त्री होती. मुलाला उच्च शिक्षण देण्यास घरात पैसा नव्हता. तेव्हा गावचे पाळक झायपल, जे ह्या मुलाचे धर्मपिताही होते, त्यांनी त्याला आपल्याजवळ बसवून शिकविले. पवित्र शास्त्राचे वाचन आणि शेजाऱ्याच्या दुःखाकडे पाठ न फिरविण्याची शिकवण ही दोन्ही त्या घरातून व त्या पाळकांकडून त्यांना मिळाली. पुढील सर्व कार्याची पेरणी येथेच झाली असे म्हणावयास हरकत नाही.

वयाच्या सतराव्या वर्षी, १८३५ साली, ते प्रशियाच्या तोफखान्यात दाखल झाले. गरीब घरच्या हुशार मुलाला तो एक मार्ग उपलब्ध होता. तेथे त्यांची प्रगती चांगली होत होती. परंतु डोळ्यांच्या विकाराने त्यांना गाठले, आणि १८४३ साली सैन्याची नोकरी सोडणे भाग पडले. हाती आलेले जीवितकार्य असे अकस्मात सुटले असता पुष्कळ माणसे खचून जातात. रायफायझेन मुलकी खात्यात शिरले, कारकुनीचे काम शिकले, आणि १८४५ साली वायरबुश ह्या परगण्याचे मुख्य कारभारी म्हणून त्यांची नेमणूक झाली. त्याच वर्षी एमिली श्टोर्क ह्या औषध-विक्रेत्याच्या कन्येशी त्यांचा विवाह झाला. त्यांचे वय त्या वेळी सत्तावीस होते.

वेस्टरवाल्डची जमीन निकस, हिवाळा कडक आणि रस्ते जवळजवळ नाहीतच, अशी स्थिती होती. पिकलेला माल बाजारात नेणे कठीण, म्हणून भाव मिळत नसे. भाव मिळत नसे म्हणून शेतकरी सदा कर्जात. नव्या कारभाऱ्याने प्रथम शाळा व रस्ते ह्यांना हात घातला. डोंगरातील गावे ऱ्हाइन नदीकाठच्या बाजारपेठांशी जोडणारा रस्ता त्यांच्याच प्रयत्नांनी आकारास येऊ लागला. आज तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. परंतु रस्ता पुरा होण्यापूर्वीच संकट येऊन ठेपले. बटाट्यावर रोग पडला, १८४६ साली धान्याचे पीकही बुडाले आणि त्यामागून आलेला १८४६-४७ चा हिवाळा भुकेचा हिवाळा म्हणून जर्मनीच्या इतिहासात नोंदला गेला. धान्याचे भाव गगनाला भिडले, आणि ज्यांच्यापाशी रोकड नव्हती त्यांची चूल विझली.

सरकारने आपल्या कोठारांतून पीठ पाठविले, पण ते रोख पैसे घेऊनच विकावे असा हुकूम होता. आता ज्याच्याजवळ रोख पैसा आहे तो उपाशी मरत नाही, आणि जो उपाशी मरतो आहे त्याच्याजवळ रोख पैसा नाही, ही साधी गोष्ट त्या हुकुमात विसरली गेली होती. रायफायझेन यांनी परगण्यातील सुखवस्तू मंडळींना एकत्र केले, त्यांच्याकडून निधी जमविला आणि ते पीठ गरिबांना उधारीवर देण्याची जबाबदारी सर्वांनी मिळून पत्करली. गावात एक सार्वजनिक भट्टी बांधण्यात आली आणि तेथे भाजलेली भाकरी बाजारभावाच्या सुमारे निम्म्या किमतीत मिळू लागली. वसंत ऋतूत पेरणीसाठी बटाट्याचे बियाणेही पुरविण्यात आले. गरिबांनी आपली देणी पुढे हंगाम आल्यावर फेडावयाची होती. ह्या मंडळाला वायरबुशचे भाकरी-मंडळ असे नाव पडले. त्यात रायफायझेन यांना पहिला धडा मिळाला: गरीब मनुष्याला उधार दिले तर ते बुडतेच, हा समज खरा नाही.

१८४८ साली त्यांची बदली शेजारच्या फ्लामर्सफेल्ड परगण्यात झाली. तेथे त्यांना भुकेपेक्षाही खोल गेलेला रोग दिसला, तो म्हणजे कर्जाचा. त्या भागात शेतकऱ्याचे सर्वस्व म्हणजे त्याचे जनावर. शेत नांगरावे, गाडी ओढावी, खत द्यावे, दूध द्यावे ते त्यानेच. पण ते विकत घेण्यास पैसा नसल्याने पुष्कळ शेतकरी ते व्यापाऱ्याकडून उधार घेत. जनावराची मालकी व्यापाऱ्याकडेच राही. शेतकऱ्याने त्याला चारा घालून पोसावे, ते अंगाने भरले म्हणजे व्यापाऱ्याने ते ओढून न्यावे आणि त्याच्या जागी दुसरे हाडकुळे जनावर बांधून जावे, असेही प्रकार घडत. रोख कर्ज काढावे तर व्याज असे की, मुद्दलापर्यंत पोहोचण्यापूर्वीच शेतकऱ्याचे शेत लिलावात निघे. आपल्याकडील दामदुपटीच्या गोष्टी ज्यांनी वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकल्या आहेत, त्यांना हे चित्र परके वाटणार नाही.

१८४९ साली रायफायझेन यांनी फ्लामर्सफेल्ड येथे गरीब शेतकऱ्यांसाठी एक साहाय्यक मंडळ स्थापिले. साठ सुखवस्तू गृहस्थ त्याचे सभासद झाले आणि मंडळाच्या सर्व कर्जास आपण आपल्या मालमत्तेनिशी जबाबदार आहोत असे त्यांनी लिहून दिले. एवढी भक्कम हमी मिळाल्यामुळे मंडळाला माफक व्याजाने पैसा उभा करता आला. त्यातून जनावरे विकत घेऊन ती शेतकऱ्यांना देण्यात येऊ लागली, आणि त्यांची किंमत पाच वर्षांत हप्त्याहप्त्याने फेडून घेण्यात येई. पुढे रोख कर्जही देण्यात येऊ लागले.

१८५२ मध्ये त्यांची नेमणूक नॉयवीड शहराजवळील हेडेसडॉर्फ येथे झाली. तेथे १८५४ साली त्यांनी अधिक मोठ्या हेतूने एक परोपकारी मंडळ काढले. अनाथ व दुर्लक्षित मुलांचे संगोपन करावे, तुरुंगातून सुटून आलेल्यांना काम मिळवून द्यावे, वाचनालय काढावे, गरिबांना जनावरे व कर्ज पुरवावे, अशी त्याची अनेक उद्दिष्टे होती. हेतू उत्तम होता, चालक प्रामाणिक होते. तथापि काही वर्षांतच मंडळाला उतरती कळा लागली. हप्ते कोणी चुकविले तर झळ श्रीमंत सभासदांना लागणार, पण कर्जाचा लाभ मात्र त्यांना नाही. आरंभीचा उत्साह ओसरला, तसतसे ते एकेक करून बाजूला होऊ लागले. दुसरीकडे ज्यांना मदत मिळत होती ते गरीब लोक मंडळाचे सभासदच नव्हते. मंडळ टिकले काय किंवा मोडले काय, त्यात आपले काही गेले असे त्यांना वाटण्याचे कारण नव्हते.

रायफायझेन यांच्या आयुष्यातील खरी कसोटीची वेळ हीच होय. आपल्या अंतःकरणाला प्रिय असलेली कल्पना अपुरी आहे हे कबूल करणे सोपे नसते. दानावर त्यांचा विश्वास होता. शेजाऱ्यावरील प्रीती हे ख्रिस्ती मनुष्याचे कर्तव्य आहे अशी त्यांची जन्मभर श्रद्धा होती. परंतु अनुभवाने त्यांना दाखविले की, दान घेणारा नेहमीच खालच्या पायरीवर उभा राहतो आणि देणाऱ्याचा हात थकला की तो जेथल्या तेथेच राहतो. त्याच सुमारास शुल्झे-डेलिच नावाचे दुसरे एक जर्मन गृहस्थ शहरांतील कारागीर व लहान दुकानदार ह्यांच्यासाठी उसनवारी मंडळे चालवीत होते. त्यांचे पहिले मंडळ १८५० साली निघाले. त्यांत कर्ज घेणारे लोक स्वतःच सभासद असत. रायफायझेन यांनी त्यांच्याशी पत्रव्यवहार केला, त्यांच्या अनुभवाचा लाभ घेतला आणि आपली दिशा बदलली. १८६२ साली आनहाउझेन येथे, आणि १८६४ साली खुद्द हेडेसडॉर्फ येथे, जी कर्जमंडळे उभी राहिली त्यांचा नियम असा होता की, ज्याला कर्ज हवे त्याने सभासद झाले पाहिजे आणि इतर सभासदांच्या कर्जाची जबाबदारीही उचलली पाहिजे. याचकाचा येथे मालक झाला.

आता अशा मंडळाचे काम कसे चालते ते विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावे. पहिला प्रश्न असा की, गरिबांनी गरिबांना द्यावयाचा पैसा येतो कोठून? समजा, एका गावात चाळीस कुटुंबे आहेत. त्यांतील प्रत्येकापाशी एखादे शेत, एखादे घर, एखादी गाय आहे. ह्यांपैकी एकटा मनुष्य शहरात कर्ज मागावयास गेला तर त्याला कोणी उभे करणार नाही. कारण तो आजारी पडला किंवा त्याची गाय मेली तर पैसा बुडाला. परंतु चाळीसही जण एकत्र येऊन लिहून देतात की, आमच्यापैकी कोणाही एकाने न फेडलेले कर्ज आम्ही सर्वजण आपल्या सर्व मालमत्तेनिशी फेडू. चाळीस गाई एका दिवशी मरत नाहीत, चाळीस माणसे एका दिवशी अंथरुणाला खिळत नाहीत. म्हणून ज्या चाळीस जणांना एकेकटी पत नव्हती, त्यांना मिळून पत आली. ह्याला अमर्याद जबाबदारी म्हणतात. आपल्या भाषेत पत ह्या शब्दाचा एक अर्थ उसने मिळण्याची योग्यता आणि दुसरा अर्थ लोकांतील अब्रू असा आहे. रायफायझेन यांच्या मंडळांत हे दोन्ही अर्थ एकच झाले.

पण एवढी मोठी जबाबदारी घ्यावयाची तर शेजारी कसा आहे हे माहीत असले पाहिजे. म्हणून दुसरा नियम, मंडळाचे क्षेत्र लहान असावे. एका गावाचे किंवा एका धर्मग्रामाचे. कोण कष्टाळू आहे, कोण दारूच्या गुत्त्यात बसतो, कोणाच्या शेतात तण माजले आहे, हे शहरातील पेढीवाल्याला कागदपत्रांवरून कळत नाही, ते शेजाऱ्याला कुंपणावरून दिसते. तिसरा नियम, कर्ज सभासदांनाच द्यावे आणि तेही उत्पादक कामासाठी: बैल, बी, खत, अवजारे, किंवा जुन्या जबर व्याजाच्या कर्जातून सुटका. ठरलेल्या कामाऐवजी दुसरीकडे पैसा उधळला तर तो परत मागण्याचा मंडळास अधिकार असे. चौथा नियम, कर्जाची मुदत शेतीच्या चालीने ठरवावी. दुकानदाराचा पैसा तीन महिन्यांत फिरतो, शेतकऱ्याचा पैसा मातीत जातो आणि हंगामानेच वर येतो. गाईच्या दुधातून गाईची किंमत फिटावयास काही वर्षे लागतात. कर्जदाराचे एक-दोन शेजारी त्याला जामीन राहत. जमीन गहाण टाकण्यापेक्षा ही रीत गरिबाला सुसह्य वाटे.

पैशाचा हिशेबही अवघड नाही. ज्यांच्यापाशी थोडी शिल्लक आहे ते ती मंडळात ठेवतात आणि ज्यांना गरज आहे ते तीच कर्जाऊ नेतात. उदाहरणादाखल, ठेवीवर शेकडा ४ आणि कर्जावर शेकडा ६ असे व्याज ठरविले आहे असे धरा. १,००० रुपयांच्या ठेवी आल्या आणि त्या सर्व कर्जाऊ गेल्या, तर वर्षाकाठी कर्जदारांकडून ६० रुपये येतील, त्यांतले ४० ठेवीदारांना जातील आणि २० उरतील. कागद, दिवाबत्ती व हिशेबनिसाचे वेतन ह्यांत ८ रुपये खर्च झाले तर १२ शिल्लक राहतात. हे १२ रुपये कोणाचे? खासगी पेढीत ते मालकाच्या खिशात जातात. रायफायझेन यांच्या मंडळात ते कोणीही वाटून घेत नसे. ते राखीव निधीत जमा होत. आरंभी त्यांच्या मंडळांत भाग-भांडवलही नव्हते. पुढे कायद्याच्या आग्रहाने ते ठेवावे लागले, तेव्हा ते अगदी अल्प ठेवण्यात आले. थेंबे थेंबे तळे साचे ह्या न्यायाने हा निधी वाढत जाई. त्या पैशावर कोणाला व्याज द्यावयाचे नसल्यामुळे त्याच्या बळावर कर्ज अधिक स्वस्त करता येई आणि एखादे कर्ज बुडाले तर प्रथम तोच उपयोगी पडे. मंडळ मोडले तरी हा निधी सभासदांनी वाटून घेऊ नये, तो त्याच गावच्या अशाच कामासाठी राखून ठेवावा, असा त्यांचा दंडक होता. आजोबांनी लावलेले झाड नातवांनी तोडून विकू नये, फळे मात्र खावीत, अशीच ही व्यवस्था होती.

कारभाराची घडीही तितकीच साधी होती. सर्व सभासदांची सभा हीच श्रेष्ठ सत्ता, आणि तीत प्रत्येक सभासदाला एकच मत. मोठ्या शेतकऱ्याला दोन नाहीत आणि लहानाला अर्धे नाही. सभेने निवडलेले कार्यकारी मंडळ कर्जाचे अर्ज तपासून मंजुरी देई, आणि दुसरे एक देखरेख मंडळ त्याच्या कामावर नजर ठेवी. हे सर्वजण विनावेतन काम करीत. वेतन मिळे ते फक्त हिशेबनिसाला, आणि कर्ज कोणाला द्यावे हे ठरविण्याचा अधिकार त्याला नसे. ज्याच्या हाती निर्णय आहे त्याच्या हाती पैसा नाही, आणि ज्याच्या हाती पैसा आहे त्याच्या हाती निर्णय नाही, ही ती योजना होय. मनुष्यस्वभावावर श्रद्धा ठेवूनही त्याच्या दुबळेपणाचा विसर पडू न देणारा कारभारीच असे नियम करू शकतो.

ही मंडळे रुजत असतानाच त्यांच्या प्रवर्तकावर मात्र एकामागून एक आघात होत होते. १८६३ साली त्यांची पत्नी निवर्तली. दृष्टी दिवसेंदिवस मंद होत चालली आणि प्रकृतीने साथ सोडली. १८६५ साली, अवघ्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, त्यांना नोकरीतून निवृत्त व्हावे लागले. निवृत्तिवेतन तुटपुंजे होते, तेव्हा चरितार्थासाठी त्यांनी प्रथम चिरुटांचा लहानसा कारखाना आणि नंतर द्राक्षमद्याचा व्यापार केला. ज्याने हजारो कुटुंबांच्या संसाराची चिंता वाहिली, त्याला स्वतःच्या संसारासाठी असे झगडावे लागले. अशा वेळी त्यांची थोरली कन्या अमाली हिने त्यांना आधार दिला. ती त्यांचे डोळे झाली. वडिलांनी सांगावे आणि तिने लिहावे, पत्रे आली की तिने वाचून दाखवावीत, असा क्रम वर्षानुवर्षे चालला. तिने स्वतः विवाह केला नाही. १८६६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात रायफायझेन यांनी कर्जमंडळाची स्थापना व व्यवस्था कशी करावी ते आपल्या अनुभवाच्या आधारे विशद करून सांगितले. तो ग्रंथ हाती घेऊन ठिकठिकाणचे पाळक, शिक्षक व शेतकरी आपापल्या गावी मंडळे काढू लागले. थोरांच्या चरित्रात त्यांच्या कन्यांची नावे क्वचितच येतात. म्हणून अमालीचे नाव आमच्या विद्यार्थिनींनी विशेषेकरून लक्षात ठेवावे.

मंडळे वाढली तशी एक नवी अडचण उभी राहिली. एका गावात ठेवी पडून आहेत, पण कर्ज घेणारा नाही. दुसऱ्या गावी अर्जांचा ढीग आहे, पण पेटी रिकामी. शिवाय एका गावी गारपीट झाली की तेथील सर्वच सभासद एकदम अडचणीत येतात. तेव्हा जसे माणसांनी एकत्र यावे तसे मंडळांनीही एकत्र यावे, ह्या विचाराने १८७२ साली नॉयवीड येथे मंडळांची मध्यवर्ती पेढी स्थापण्यात आली. परंतु शुल्झे-डेलिच यांना ही रचना मान्य नव्हती. मंडळांचे मंडळ कायद्यात बसत नाही, थोड्या मुदतीच्या ठेवींतून लांब मुदतीची कर्जे देणे धोक्याचे आहे, कारभाऱ्यांना वेतन असावे आणि सभासदांनी भाग घ्यावेत, असे त्यांचे आक्षेप होते. हा वाद वर्तमानपत्रांतून व लोकसभेतूनही गाजला. त्यांचे सर्वच आक्षेप पोकळ नव्हते. मागितली असता ठेव तत्काळ परत करता आली पाहिजे, हे प्रत्येक पेढीने आजही ध्यानात ठेवावयाचे तत्त्व आहे. रायफायझेन यांनी कायद्यापुढे मान तुकविली, पण हेतू सोडला नाही. १८७६ साली निराळ्या स्वरूपात, भाग-भांडवलाच्या कंपनीच्या रूपाने, नॉयवीड येथेच त्यांनी मध्यवर्ती कर्जपेढी पुन्हा उभी केली. पुढच्याच वर्षी मंडळांना सल्ला देण्यासाठी व त्यांचे हिशेब तपासण्यासाठी एक संघही स्थापन झाला.

११ मार्च १८८८ रोजी, सत्तरावा वाढदिवस अवघ्या काही दिवसांवर आला असताना, हेडेसडॉर्फ येथे रायफायझेन यांनी देह ठेवला. त्या वेळी त्यांच्या संघात चारशेहून अधिक मंडळे होती. पुढल्याच वर्षी जर्मनीत नवा कायदा होऊन मर्यादित जबाबदारीच्या मंडळांनाही मान्यता मिळाली. काळाबरोबर नियम बदलत गेले, परंतु सभासदांनीच मालक असावे हे मूळ तत्त्व टिकले. २०१६ साली युनेस्कोने सहकारी संस्थांच्या कल्पनेचा व परंपरेचा समावेश मानवजातीच्या सांस्कृतिक वारशात केला. त्यासाठीचा प्रस्ताव जर्मनीचा होता.

रायफायझेन यांच्या विचाराने समुद्र ओलांडून आपल्या देशात कसा प्रवेश केला, हेही सांगितले पाहिजे. महाराष्ट्रातील शेतकऱ्याची दशा वेस्टरवाल्डच्या शेतकऱ्यापेक्षा निराळी नव्हती. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथून सावकारांविरुद्ध दंगे उसळले आणि संतप्त शेतकऱ्यांनी कर्जाचे रोखे जाळले. रोखे जळाले, पण गरज जळाली नाही. पुढच्या पेरणीला पैसा कोठून आणावा हा प्रश्न तसाच राहिला. न्यायमूर्ती रानडे आणि विल्यम वेडरबर्न यांनी त्यानंतरच्या दशकात पुरंदर तालुक्यासाठी शेतकी पेढीची योजना मांडली, परंतु तिला विलायतेहून मंजुरी मिळाली नाही. मद्रास इलाख्यातील अधिकारी फ्रेडरिक निकल्सन यांनी युरोपातील पेढ्यांचा अभ्यास करून १८९५ पासून जो विस्तृत अहवाल सादर केला, त्यात रायफायझेन यांच्या पद्धतीचा जोराने पुरस्कार होता. अखेर १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. एकाच गावच्या दहा माणसांना संस्था काढण्याची मुभा मिळाली आणि खेड्यांतील संस्थांसाठी अमर्याद जबाबदारीचे तत्त्व स्वीकारण्यात आले. १९०५ साली गदगजवळच्या कणगिनहाळ येथे, जो भाग तेव्हा मुंबई इलाख्यात होता व आज कर्नाटकात आहे, अशी एक संस्था नोंदली गेली. देशातील अगदी आरंभीच्या संस्थांत तिची गणना होते.

आज आपल्या राज्यातील सहकारी संस्था १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याखाली चालतात आणि बहुतेक ठिकाणी सभासदाची जबाबदारी त्याच्या भागापुरतीच मर्यादित असते. शेजाऱ्याच्या कर्जापायी आपले घर जाईल ही भीती आता उरलेली नाही. ही सोय खरी. पण तिच्याबरोबर एक हानीही झाली आहे. भीती गेली तशी जागरूकताही पुष्कळ ठिकाणी गेली. वार्षिक सभेची सूचना येते आणि घडी न मोडता तशीच पडून राहते. ताळेबंद छापला जातो, पण वाचला जात नाही. मग कोठे कोठे कारभाऱ्यांच्या आप्तांना तारणावाचून कर्जे मिळतात, थकबाकी दडविली जाते, आणि एके दिवशी ठेवीदारांना बंद दारापुढे उभे राहावे लागते. सहकारी बँकांतील ठेवींना ठराविक मर्यादेपर्यंत विम्याचे जे संरक्षण असते, ते पतसंस्थांतील ठेवींना नसते. म्हणून आम्ही पालकांना नम्रपणे सुचवितो की, ज्या संस्थेत आपण पै-पै साठविता तिच्या वार्षिक सभेस जरूर जावे. कर्जे किती, थकीत किती, राखीव निधी किती, हिशेब-तपासनिसाने काय शेरा मारला आहे, एवढे चार प्रश्न तरी निर्भयपणे विचारावेत. मालकाने आपल्या दुकानात जाऊन वही पाहण्यात कसला संकोच?

आणि विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांस ह्या चरित्रातून काय घ्यावयाचे? रायफायझेन यांनी फार मोठी संपत्ती मिळविली नाही आणि वाटलीही नाही. गरिबापाशी आधीच असलेले एक धन त्यांनी त्याला दाखवून दिले. ते धन म्हणजे शेजाऱ्याला दिलेला व पाळलेला शब्द. वर्गमित्राकडून घेतलेले पुस्तक ठरल्या दिवशी परत करणारा मुलगा, वर्गाच्या निधीचा पैशापैशाचा हिशेब ठेवणारी मुलगी, आणि आपल्या शेजारच्या बाकावरील मंद विद्यार्थ्याचा अभ्यास हे आपलेही काम समजणारा हुशार विद्यार्थी, हे सर्व त्या शाळेचेच विद्यार्थी होत, जिचे पहिले शिक्षक वेस्टरवाल्डमधील ते अधू दृष्टीचे कारभारी होते. डोळ्यांनी त्यांना थोडेच दिसत असे. परंतु एकट्याने न उचलणारा भार अनेकांच्या खांद्यांवर हलका होतो, हे त्यांनी इतरांच्या आधी पाहिले. ती दृष्टी तुम्हां सर्वांस लाभो.